वाढीव पट्टी

दौलूमामांकडे कुणीही लाकडाचं काम घेऊन गेलं की ते आधी एकच प्रश्न विचारत, "ह्ये कशात वतायचं?" माणूस ओळखीचा असो की परका, राम राम नंतर, आधी हा प्रश्न. शेजारच्या एका बाईने एकदा मोडका पाट दुरुस्तीला आणला, तिलाही त्यांनी हेच विचारलं. ती बिचारी घाबरून म्हणाली, "वतायचं न्हाय वो, बसायचं हाय." कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जिथे त्यांचं दुकान होतं, हा किस्सा अजून चवीने सांगतात. मामा जाऊन आता वर्ष होत आलं. किस्सा निघाला की सगळे हसतात, मी हसत नाही. त्यांच्या त्या प्रश्नाला मी एकदा धड उत्तर दिलं नव्हतं.

मामा पॅटर्नमेकर होते. कोल्हापूरबाहेरच्यांना हे जरा फोड करून सांगायला हवं. भट्टीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून वाळूच्या साच्यात ओततात, तेव्हा वाळूत ठसा उठवायला आधी तीच वस्तू लाकडात करावी लागते. ती पॅटर्न. पण लाकडी वस्तू अगदी हुबेहूब करून चालत नाही, कारण धातू गार होताना आकसतो. म्हणून लाकूड थोडं मोठं ठेवायचं. बिडासाठी शंभराला एक, पोलादासाठी शंभराला दोन; म्हणून मामांचा तो प्रश्न, कोणत्या धातूत ओतायचं. ही आकडेमोड दर मापाला कोण करत बसणार? म्हणून त्यांच्याकडे वेगळ्या पट्ट्याच असतात, ज्यांचा एकेक सेंटिमीटर तेवढा लांब आखलेला असतो. कारखान्यात त्यांना कॉन्ट्रॅक्शन स्केल म्हणतात, मामा वाढीव पट्टी म्हणत. त्यांच्या भिंतीवर खिळ्यांना चार पट्ट्या टांगलेल्या असत, एक साधी आणि तीन वाढीव. मला त्या हातात घेऊनही सारख्याच वाटत. मामा न बघता हात घालत आणि हवी तीच निघे.

मी तेव्हा इथल्याच एका कॉलेजात एम.ई. करत होते. आमच्या सरांनी वर्कशॉपच्या मागे प्लायवूडचं एक विंड टनेल, म्हणजे वारा सोडून चाचण्या घ्यायचा बोगदा, उभं केलं होतं, खोलीएवढं लांब, आणि चालू केलं की कॅन्टीनमधल्या कपबशा वाजायच्या. माझं काम असं, की त्यात पवनचक्कीचा छोटा नमुना फिरवायचा, आणि त्याच्यावरून खरी मोठी चक्की किती वीज देईल ते आधीच सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं, जेवढी मोठी तेवढ्याने गुणलं की झालं. तसं होत नाही. वारा तोच असला तरी लहान पात्याला तो जास्त चिकट लागतो, मोठ्याला कमी. तेवढी दुरुस्ती हिशेबात धरावी लागते, आणि सगळं दुखणं त्या दुरुस्तीत असतं.

हे मी एकदा मामांना हातवारे करून समजावत होते. ते रंधा मारता मारता म्हणाले, "मंजे आमच्यावानीच की पोरी. ल्हान वतीव लगी गार हुतंय, मोठं दीसभर गरम ऱ्हातंय. बीड त्येच, पर वागणं निराळं." मला हे कळायला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांना नुसतं कारागीर समजणं सोडलं.

पण हे पुढचं झालं. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेले ती पात्यांचं ड्रॉइंग घेऊन. लाकडी पाती, तीन नग, एकेक सव्वीस सेंटिमीटर, आणि हब, म्हणजे मधला तुंबा, धरून टोकापासून टोकापर्यंत साठ. हब मी कॉलेजात लेथवर करणार होते. मामांनी ड्रॉइंग उजेडात धरलं आणि विचारलं, "ह्ये कशात वतायचं?"

मला हसू आलं. मी घाईतही होते, बाहेर मैत्रीण स्कूटर चालू ठेवून थांबली होती. मी म्हणाले, "अहो मामा, हा नमुना आहे. ह्याच्यावरून मोठा पंखा होणार आहे. राधानगरीच्या वाटेवर, पठारावर. पोलादाच्या खांबावर उभा राहणार."

"बरं," मामा म्हणाले, आणि त्यांनी मागे न बघता भिंतीकडे हात नेला.

तीन आठवड्यांनी पाती तयार झाली. तशी देखणी पाती मी पुन्हा कुठे बघितली नाहीत. जुना साग, मुळाशी जाड आणि वळण घेत टोकाला चपटा होत गेलेला. मामांनी डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला. "डोळा खोटं बोलतोय, आंगठा न्हाय," ही त्यांची नेहमीची म्हण. मग बाकावरची पट्टी माझ्यापुढे धरली. "माप." मी मापलं. सव्वीस म्हणजे सव्वीस, केसाचा फरक नाही. कॉलेजात नेऊन मी जाडी आणि रुंदी व्हर्नियरने तपासली. कुठे अर्धा मिलिमीटर जास्त होतं, पण लाकडात तेवढं चालतं. लांबी मी पुन्हा मोजली नाही. दौलू मिस्त्रींच्या कामाला पुन्हा पट्टी लावायची म्हणजे आईच्या हातची भाजी वास घेऊन खाण्यासारखं वाटलं.

टनेलमध्ये ती पाती फिरताना बघायला मामा कधी आले नाहीत. भट्टीवर गेलेल्या पॅटर्नच्या मागे जायची त्यांची रीत नव्हती. "आपलं काम दारापातुर," म्हणायचे. मी वर्षभर चाचण्या केल्या, आकडे मांडले, दुरुस्ती धरली आणि मोठ्या चक्कीचं भाकीत सरांच्या टेबलावर ठेवलं. पुढे एका दूध संस्थेसाठी पठारावर खरी चक्की उभी राहिली. दूध गार ठेवायच्या यंत्राला थोडी वीज, एवढंच तिचं काम. वर्षभर नोंदी घेतल्यावर कळलं, की मी शंभर म्हटलं होतं तिथे पंच्याण्णव मिळत होते. सर खूश झाले. असल्या कामात पाचाच्या आत भाकीत येणं म्हणजे शाबासकीच. मी पेढे घेऊन मामांकडे पळाले.

मामांनी पेढा हातात घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन पाच कुठं गेलं?"

मी सांगितलं. धूळ असते, आजूबाजूला झाडं असतात, बेअरिंग घासतं, वारा लहरी असतो. पाच म्हणजे काहीच नाही.

"आमच्यात पाच चुकलं तर भंगारात टाकत्यात," मामा म्हणाले. "तुझा हिशेब चुकला न्हाय?"

"नाही मामा. सरांनी दोनदा तपासलाय."

"मोठी पाती?"

"ती कंपनीने साच्यात केलीत. मापात आहेत."

"मग ऱ्हायलं काय," असं म्हणून त्यांनी पेढा बाकावर ठेवला, तो तिथेच राहिला. राहिलं होतं ते त्यांचं लाकूड. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मला तेव्हा सुचलं नाही.

दोनेक महिन्यांनी दूध संस्थेतल्या माणसाचा मला फोन आला. "म्याडम, तुमचं एक पावणं हितं येऊन बसत्यात. दर सोमवारी. डबा आणत्यात, पंख्याकडं बघत्यात, चारच्या यष्टीनं जात्यात. कुणाशी बोलत न्हाईत." सोमवारी उद्यमनगराला सुट्टी असते. मी मामांना विचारलं तर म्हणाले, "वारं खायाला गेलतो." त्या पठारावरचं वारं मला माहीत आहे. पावसाळ्यात तिथे उभं राहवत नाही.

त्याच सुमाराला कॉलेजात प्रदर्शन होतं. त्या लाकडी पात्यांसाठी मी ॲक्रिलिकची गोल पेटी करून घेतली, आतून साडेसाठ सेंटिमीटर. पाती बसेनात. पेटी करणाऱ्याला मी फोनवर नाही नाही ते बोलले, मग त्याला खोटं पाडायला स्टीलची टेप लावली. पेटी बरोबर होती. पाती एकसष्ट भरली. एकेक पातं काढून मोजलं. सव्वीसच्या जागी साडेसव्वीस. शंभराला दोन. शंभराला दोन म्हणजे पोलाद.

मी आधी हसले. मग टेप लावून तिन्ही पाती पुन्हा मोजली. मामांनी मला विचारलं होतं, कशात ओतायचं. मी खांबाच्या नादात पोलाद म्हणाले होते. हे लाकूड कशाचाही नमुना नसून हीच शेवटची वस्तू आहे, हेच वाऱ्यात फिरणार आहे, असं मी सांगितलंच नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेलं प्रत्येक लाकूड ओतायलाच गेलं होतं, ते वेगळं काही समजणार कसे? आणि मी मोजलं ते त्यांच्याच पट्टीने. चक्कीची ताकद पात्यांनी घेरलेल्या गोलाच्या क्षेत्रफळावर असते. एकसष्टच्या गोलाने दिलेली ताकद मी साठची म्हणून मांडली, आणि भाकीत फुगलं. पाचातले साडेतीन त्या एका सेंटिमीटरमध्ये सापडले. उरलेला दीड खुशाल धुळीच्या नावावर घालता आला असता.

मी मामांना सांगितलं नाही.

का, याची उत्तरं मी स्वतःला पुष्कळ दिली आहेत. अडुसष्ट वर्षांचा माणूस, ज्याचं एकही काम कधी परत आलं नाही, त्याला कशाला दुखवा. हे खरंच मनात होतं. पण माझ्या परीक्षकांना कळलं असतं, की या बाईने स्वतःचं मॉडेल स्वतः मोजलं नाही, हेही होतं. मी पुढच्या शोधनिबंधात तळाशी एक ओळ टाकली, की मॉडेलच्या व्यासात दुरुस्ती केली आहे, आणि आकडे सुधारले. सरांनी ती ओळ वाचून मान हलवली. शास्त्राच्या बाजूने विषय संपला.

मामांच्या बाजूने तो संपला नव्हता. त्यांनी आधी लाकडावर संशय घेतला. साग पावसाची ओल पितो म्हणून जुन्या, कोरड्या सागाचं पुन्हा एक पातं केलं आणि माझ्याकडे आणलं. "बघ, ह्यो बराबर हाय का." सोबत पट्टी होतीच. सव्वीस. मी म्हणाले, "बरोबर आहे, मामा." मग शिवणीच्या लाकडाचं केलं. मग डोळ्यांवर संशय आला, मोतीबिंदू काढून आले आणि पुन्हा एक केलं. दर वेळी ते माझ्या टेबलासमोर उभे राहत, मी पट्टी लावत असे आणि दर वेळी माझ्या तोंडून तेच निघत असे. एवढ्या जाणत्या माणसाला पट्टीचाच संशय कसा आला नाही, असं कुणी विचारेल. ज्या पट्टीने माणूस साऱ्या जगावर संशय घेतो, तिच्यावर कसा घेणार? शेवटी उरले हात. एक दिवस त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडले. "हातात कायतर शिरलंय पोरी. ह्ये माझं ऐकत न्हाईत." हात दगडासारखे स्थिर होते. मी म्हणाले, "काही नाही मामा, वय झालं." हे वाक्य मी कसं बोलले, मला माहीत नाही.

त्यानंतर त्यांनी पॅटर्नची कामं घेणं बंद केलं. गिऱ्हाईक आलं की डोळ्याचं निमित्त सांगत. रोज दुकान उघडत, झाडत आणि बाकावर बसून राहत. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घरी मी गेले, तेव्हा त्यांची सून अलका मला दारातच म्हणाली, "तुमच्या त्या पंख्यानं आमच्या म्हाताऱ्याला खुळं केलं बघा. जेवताना मधीच इचारत्यात, पाच कुठं गेलं." तिला वाटे, त्या पठारावर त्यांना बाहेरचं काहीतरी लागलं. तिने लिंबू उतरवून टाकलं, कुणा जाणत्याला विचारून आली. मी चहा पीत ऐकलं. त्यांना बाहेरचं काही लागलं नव्हतं. मी लागले होते.

अशी सहा वर्षं गेली. मी डॉक्टरेट केली, त्याच कॉलेजात शिकवू लागले. वारा सुटून खिडक्या आपटल्या की मला वर्गात मधेच थांबायला व्हायचं. मुलांना वाटायचं, मॅडम आठवून बघतायत.

मग अलकाचा फोन आला. तिचा पोळपाट चिरला होता. बाजारात शंभर मिळतात, पण म्हाताऱ्याचा हात चालू व्हावा म्हणून तिने मामांना नवा करायला सांगितला. "आठ दीस झालं, फळी मांडीवर घिऊन बसल्यात. पेन्सिलीनं गोल काढत्यात आन पुसत्यात. करवत लावत न्हाईत. भ्या वाटतंय म्हणत्यात." एवढं सांगून ती रडायला लागली.

मी लेक्चर सोडून गेले. मामा दुकानात एकटेच होते, मांडीवर फळी. मी उभ्यानेच म्हणाले, "मामा, ते पाच सापडले."

त्यांनी मान वर केली. "कुठं?"

"पट्टीत. तुम्ही पोलादाची पट्टी लावली होती. पण ते लाकूड ओतायचं नव्हतंच. तेच फिरणार होतं. मी तसं सांगितलं नाही तुम्हाला."

मामा उठले. भिंतीवरून दोन पट्ट्या काढल्या, साधी आणि पोलादाची, बाकावर टोकाला टोक जुळवून ठेवल्या, आणि सव्वीसच्या खुणेवर अंगठ्याचं नख टेकवलं. दोन्ही खुणांमधलं अंतर बघितलं. आणि हसायला लागले. सहा वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "आयला," ते म्हणाले, "मला वाटलं, वारं बी गार हून आकसतंय." हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मीही हसले. वाटलं, दोघं सुटलो.

"कवा कळलं तुला?"

आज, म्हणता आलं असतं. जीभ वळलीही होती. पण त्यांचं नख अजून खुणेवर होतं. मी म्हणाले, "सहा वर्षं झाली."

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्याच्याखालचा माणूस निघून गेला. "सा वर्सं," ते म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटू द्यायचं हुतं की. दोन दीस वाटलं आसतं." त्यांनी पट्ट्या एकेक करून खिळ्याला लावल्या. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "माझी चूक हुती. तू का ठिवून घेतलीस?"

मी पोळपाटाची फळी उचलून बाकावर ठेवली.  ते म्हणाले, "जावा आता म्याडम. मला पोळपाट करायचाय."

पोळपाट त्यांनी त्याच दिवशी केला. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात बातमी पसरली, की दौलू मिस्त्री पुन्हा कामाला बसला. पुढचे आठ महिने त्यांचा रंधा थांबला नाही, जुनी गिऱ्हाइकं परत आली. मी पाच-सहा वेळा गेले. "या म्याडम, बसा," म्हणत, चहा मागवत, कप माझ्या हाताशी ठेवत आणि कामाला लागत. तोवर मी त्यांची पोरी होते. म्याडम तर ते दुकानात येणाऱ्या वीजबिलवाल्या बाईंनाही म्हणत. पंख्याचा शब्द पुन्हा निघाला नाही. मीच एकदा माफी मागायला सुरुवात केली, तर ते रंध्याचा आवाज वाढवून काम करत राहिले. एके सकाळी काम करता करता दम लागला म्हणून बाकावर टेकले, ते उठलेच नाहीत.

बाराव्याला मी शिवाजी पेठेत गेले. भट्टीवाले, वाळूचे साचे भरणारे मोल्डर, जुने मिस्त्री असे वीस-पंचवीस जण बसले होते. मी कोपरा धरून बसणार, तेवढ्यात अलका उठून आली आणि सगळ्यांसमोर तिने माझे दोन्ही हात धरले. "बाई, तुमचं लय उपकार. तुम्ही आलासा म्हणून म्हातारा कामात आसताना गेला, हातरुणात न्हाय."

"मी काय केलं," मी म्हणाले.

"मामंजी सगळ्यास्नी सांगत हुतं की. 'चूक माझी, भलती पट्टी लावली. पर पोरीनं सा वर्सं पाठ सोडली न्हाई. शोधून काढलं, आन घावलं तशी लेक्चर टाकून पळत आली सांगायला.' आसं रोज एकाला तरी सांगायचं."

"व्हय व्हय," एक म्हातारा मोल्डर म्हणाला, "मला दोनदा सांगितलं. म्हणलं, घावल्या घावल्या तोंडावर सांगणारं माणूस ऱ्हायलं न्हाय आता." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणीतरी मला पुढे बसायला जागा करून दिली.

मी तोंड उघडलं. समोर पंचवीस जणांचे चेहरे होते आणि प्रत्येकावर माझ्याविषयी आदर होता. मी चहाचा कप घेतला आणि खाली बघून पीत राहिले. त्यांचं ते सांगणं माया होती की शिक्षा, मला अजून ठरवता येत नाही. माझी चूक त्यांनी ठेवून घेतली होती. चारचौघांत कुणी मला बोललं असतं, तर दोन दिवस वाईट वाटून संपलं असतं.